काळ्या काचेआडचा धूर

ज्या किनाऱ्यावर रापण ओढावयास अख्खी वाडी एकत्र येते आणि दारी आलेल्या परक्यालाही ओसरीवर बसवून गूळपाणी दिल्यावाचून कोणी पुढे जाऊ देत नाही, त्या मालवणच्या किनारपट्टीत काळ्या काचांआड शेजाऱ्यांकडे पाठ फिरवून बसणारे हुक्कापार्लर उद्या कोणी थाटू पाहील, तर रहिवाशांचा विरोध हा केवळ सोवळेपणा मानणे अन्यायाचे ठरेल.

हुक्का आपणांस अपरिचित नाही; परंतु जुन्या वाड्यांतील गुडगुडी चारचौघांत, उघड्या बैठकीत चाले, तर आजचा धंदा फळांच्या स्वादाआड तंबाखूचे विष कोवळ्या फुफ्फुसांत उतरवितो. २९ डिसेंबर २०१७ रोजी मुंबईच्या कमला मिल आवारातील अग्निप्रलयात १४ जीव गेले आणि अग्निशमन दलाच्या चौकशीने हुक्क्याच्या निखाऱ्यांकडे बोट दाखविले. त्यानंतर २०१८ साली महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती करून हुक्का बारवर बंदी घातली व उल्लंघनास ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड ठरविला.

म्हणून ग्रामस्थांनी हाती दगड न घेता ग्रामसभेत ठराव करावा, पोलीस ठाण्यात व तहसील कचेरीत रीतसर अर्ज गुदरावा आणि सरकारी अंमलदारांनी त्याची विनाविलंब दखल घ्यावी. १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झालेल्या सिंधुदुर्गाचे खरे वैभव त्याच्या उघड्या दारांत आहे. पाहुण्याच्या स्वागतासाठी ती दारे धुराने काळवंडू देण्याचे काहीच प्रयोजन नाही.