विश्लेषण : गिटारचा ‘टोन’ लॅपटॉपमध्ये, मग ॲम्प्लिफायरचे काय?

मार्च २०२२ मध्ये, युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर, रशियाने अनेक वस्तूंच्या निर्यातीवर निर्बंध घातले आणि जगभरचे गिटारवादक धास्तावले. ॲम्प्लिफायरला लागणाऱ्या व्हॅक्यूम ट्यूबचा एक मोठा कारखाना रशियातील सारातोव्ह शहरात आहे आणि असे कारखाने जगात मोजकेच उरले आहेत. हाच आवाज संगणकावर तयार करण्याची वाट मात्र आधीच रुळली होती.

ट्यूबच कशाला हवी?

गिटारच्या पिकअपमधून येणारा विद्युतसंकेत क्षीण असतो. ट्यूब तो वाढवते. पण क्षमतेबाहेर ताण पडला, की ती संकेताची टोके दाबते आणि मूळ सुरात नवे स्वरांश मिसळतात. रॉक संगीतातील ओळखीची खरखर ती हीच. मात्र त्यासाठी अनेकदा ॲम्प्लिफायर मोठ्या आवाजात वाजवावा लागतो. फ्लॅटमध्ये ते शक्य नसते.

सॉफ्टवेअर काय करते?

लाइन ६ कंपनीचे ‘ॲम्प फार्म’ १९९८ मध्ये आले. अशी सॉफ्टवेअर सर्किटचे वर्तन गणिती समीकरणांत मांडतात. ‘न्यूरल ॲम्प मॉडेलर’ या मोफत, मुक्तस्रोत सॉफ्टवेअरची रीत वेगळी. खऱ्या ॲम्प्लिफायरमध्ये चाचणीचा संकेत सोडायचा, बाहेर पडणारा आवाज नोंदवायचा आणि दोन्हींमधील नाते न्यूरल नेटवर्कला शिकवायचे. स्पीकर व माइकचा परिणाम ‘इम्पल्स रिस्पॉन्स’ या छोट्या ध्वनिफाइलमधून मिळतो.

अडचण कोणती?

पहिली, विलंबाची. ४८ किलोहर्ट्झला २५६ सॅम्पलचा बफर ठेवला, तर सुमारे ५.३ मिलिसेकंद जातात. म्हणजे ॲम्प्लिफायरपासून सहा फुटांवर उभे राहून वाजवल्यासारखे. आवाज आत येताना आणि बाहेर जाताना, दोन्ही वेळा ही भर पडते. म्हणूनच वाजवताना बफर कमी ठेवतात. दुसरी अडचण, अशी नक्कल सहसा बटणांच्या एकाच मांडणीची असते. बटण फिरवले, की नवी नोंद हवी.

टोन कुणाचा?

कंपनीचे नाव ट्रेडमार्कने राखता येते. आवाजाचा पोत राखणे अवघड. म्हणून अनेक सॉफ्टवेअरमध्ये मूळ ॲम्प्लिफायरचे नाव न घेता ‘ब्रिटिश’, ‘अमेरिकन’ अशी सूचक नावे दिसतात. घरी रेकॉर्डिंग करणाऱ्या होतकरू वादकाला यामुळे महागडा टोन जवळपास फुकट मिळतो. पण ज्याची नक्कल करायची, तो ॲम्प्लिफायर आधी कुणीतरी घडवावा लागतो. त्या कारागिराला मोबदला कसा मिळणार, याचे उत्तर सॉफ्टवेअरमध्ये नाही.