विश्लेषण : ६८ गोलांचा विक्रमवीर, दोन देशांतला विजेता प्रशिक्षक... तरीही रॉबी कीनची खरी परीक्षा बाकी का?

आयर्लंडचा सर्वकालीन सर्वोत्तम गोलवीर, कोलकात्यात खेळाडू आणि प्रशिक्षक अशी दुहेरी भूमिका निभावलेला रॉबी कीन आता हंगेरीतील फेरेन्त्सवारोश क्लबचा मुख्य प्रशिक्षक आहे. त्याची वाटचाल, त्याच्यावर झालेली टीका आणि त्याच्यापुढचे आव्हान यांचा वेध.

नोव्हेंबर २०२५. बुडापेस्टमधील विश्वचषक पात्रता सामन्यात हंगेरीला बरोबरीही पुरेशी होती. भरपाई वेळेच्या सहाव्या मिनिटाला आयर्लंडच्या ट्रॉय पॅरटने आपला तिसरा गोल केला, आयर्लंड ३-२ असे जिंकले आणि हंगेरीचे विश्वचषकाचे स्वप्न मोडले. त्या सामन्यात हंगेरीचा दुसरा गोल करणारा बार्नाबाश वार्गा हा तेव्हा फेरेन्त्सवारोशचा आघाडीपटू होता. म्हणजे ज्या शहरात आयर्लंडने हा पराक्रम केला, त्याच शहरातील सर्वांत मोठ्या क्लबची सूत्रे एका आयरिश माणसाच्या हाती होती. त्याचे नाव रॉबी कीन.

कोण आहे रॉबी कीन?

जन्म ८ जुलै १९८०, डब्लिनच्या टाला उपनगरातला. १९९७ मध्ये १७व्या वर्षी इंग्लंडमधील वुल्व्हज क्लबकडून त्याने पदार्पणातच दोन गोल केले. पुढच्याच वर्षी तो आयर्लंडच्या राष्ट्रीय संघात होता. २०१६ पर्यंत चाललेल्या या कारकीर्दीत त्याने देशासाठी १४६ सामने खेळून ६८ गोल केले. या आकड्याचे मोल कळण्यासाठी एक तुलना पुरेशी आहे. आयर्लंडच्या यादीत त्याच्यामागे असलेल्या नायल क्विनच्या नावावर २१ गोल आहेत.

२००२च्या विश्वचषकात जर्मनीविरुद्ध भरपाई वेळेत त्याने साधलेली बरोबरी आयरिश चाहते आजही विसरलेले नाहीत. गोल केल्यावर कोलांटी मारून दोन्ही हातांच्या बोटांनी गोळ्या झाडल्याचा अभिनय ही त्याची ओळख. प्रीमियर लीगमध्ये त्याच्या नावावर १२६ गोल आहेत.

इतके क्लब का बदलले?

कॉव्हेंट्री, इंटर मिलान, लीड्स, टॉटनहॅम, लिव्हरपूल, सेल्टिक, वेस्ट हॅम, लॉस एंजेलिस गॅलेक्सी, अॅस्टन व्हिला ही यादी पाहिली की प्रश्न पडतो. प्रत्येक बदलामागे कारण वेगळे होते. २००० मध्ये मार्सेलो लिप्पी प्रशिक्षक असताना इंटर मिलानने त्याला घेतले. लिप्पी यांची लवकरच गच्छंती झाली आणि कीनचे स्थान डळमळले. २००८ मध्ये लिव्हरपूलने त्याच्यासाठी सुमारे १ कोटी ९० लाख पौंड मोजले, पण राफाएल बेनिटेझ यांच्या योजनेत तो बसला नाही. सहा महिन्यांत तो पुन्हा टॉटनहॅममध्ये परतला.

अमेरिकेत मात्र तो स्थिरावला. २०११, २०१२ आणि २०१४ अशी तीन एमएलएस जेतेपदे त्याने गॅलेक्सीकडून मिळवली आणि २०१४ मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडूही ठरला.

या भटकंतीचा एक फायदा झाला. लिप्पी, बेनिटेझ, हॅरी रेडनॅप, ब्रूस अरीना आणि राष्ट्रीय संघात जिओव्हानी त्रापातोनी अशा भिन्न विचारांच्या प्रशिक्षकांना त्याने जवळून पाहिले. एखाद्या नामवंत खेळाडूला संघाबाहेर बसवले की काय होते, हेही त्याने स्वतः अनुभवले.

भारतात प्रशिक्षकपदाचा पहिला धडा कसा मिळाला?

ऑगस्ट २०१७ मध्ये कीन कोलकात्याच्या एटीकेकडे आला. एटीके तेव्हा इंडियन सुपर लीगचा गतविजेता होता आणि प्रशिक्षक होते टॉटनहॅमचे माजी आघाडीपटू टेडी शेरिंगहॅम. हंगामाच्या सुरुवातीला कीन दुखापतीमुळे बाहेर राहिला, संघ घसरत गेला आणि जानेवारी २०१८ मध्ये शेरिंगहॅम यांना पद सोडावे लागले. अॅशले वेस्टवूड यांनी काही काळ सूत्रे सांभाळली. मार्चमध्ये ही जबाबदारी कीनकडे आली. तो संघाचा आघाडीपटूही होता आणि प्रशिक्षकही.

लीगच्या अखेरच्या सामन्यात एटीकेने नॉर्थईस्ट युनायटेडला १-० असे हरवले आणि तो एकमेव गोल कीनचाच होता. तरीही दहा संघांत एटीके नववा राहिला. सुपर कपमध्ये एफसी गोवाकडून झालेल्या ३-१ अशा पराभवाने हंगाम संपला. एका हंगामात तीन प्रशिक्षक ही कोणत्याही क्लबसाठी चांगली खूण नसते. पण कीनला मैदानाबाहेरून संघ कसा दिसतो, याची पहिली झलक इथेच मिळाली.

सहायक म्हणून काय साधले?

नोव्हेंबर २०१८ मध्ये त्याने खेळाडू म्हणून निवृत्ती घेतली आणि मिक मॅकार्थी यांचा सहायक म्हणून आयर्लंडच्या राष्ट्रीय संघात दाखल झाला. २००२च्या विश्वचषकात हेच मॅकार्थी त्याचे प्रशिक्षक होते. जोडीला २०१९-२० मध्ये मिडल्सब्रोमध्ये जोनाथन वूडगेट यांच्या मदतीला तो होता. हे दोन्ही प्रवास अर्धवट राहिले. मिडल्सब्रोने २०२० मध्ये वूडगेट यांना हटवले. त्याच वर्षी आयर्लंडची सूत्रे स्टीफन केनी यांच्याकडे गेली आणि त्यांच्या सहायकांत कीनला जागा नव्हती. करार शिल्लक, पण काम नाही अशा अवस्थेत तो राहिला. देशाच्या सर्वांत मोठ्या गोलवीराचा उपयोग कसा करावा, हे आयरिश महासंघाला ठरवता आले नाही.

मे २०२३ मध्ये सॅम अॅलरडाइस यांनी लीड्सला वाचवण्यासाठी त्याला सोबत घेतले. चार सामन्यांत हाती एकच गुण लागला आणि लीड्सची प्रीमियर लीगमधून घसरण झाली.

तेल अवीवमधील यश वादग्रस्त का ठरले?

जून २०२३ मध्ये कीनने इस्रायलच्या मकाबी तेल अवीवचे मुख्य प्रशिक्षकपद स्वीकारले. पूर्णवेळ मुख्य प्रशिक्षक म्हणून हे त्याचे पहिलेच काम. चार महिन्यांत ७ ऑक्टोबरचा हल्ला झाला आणि गाझात युद्ध सुरू झाले. इस्रायलमधील लीग काही आठवडे थांबली. मकाबीला युरोपीय स्पर्धेतील ‘घरचे’ सामने देशाबाहेर खेळावे लागले.

आयर्लंडमध्ये पॅलेस्टिनींविषयी मोठी सहानुभूती आहे. मे २०२४ मध्ये आयर्लंड सरकारने पॅलेस्टाइनला मान्यताही दिली. अशा वेळी देशाचा माजी कर्णधार इस्रायली क्लबमध्ये का थांबला, हा प्रश्न तिथले चाहते आणि राजकारणी उघडपणे विचारू लागले. कीनने राजकारणावर बोलणे टाळले. समर्थकांच्या मते तो करार पाळणारा व्यावसायिक होता. टीकाकारांच्या मते इतक्या मोठ्या मानवी संकटात मौन हीदेखील एक भूमिका असते. हा वाद मिटलेला नाही आणि आयर्लंडमध्ये त्याच्या प्रशिक्षकपदाविषयी बोलताना तो वगळताही येत नाही.

मैदानावरील निकाल मात्र ठोस होते. २०२३-२४ मध्ये मकाबीने लीग जिंकली, टोटो कपही मिळवला. युरोपातील कॉन्फरन्स लीगमध्ये गटात अव्वल राहून संघ अंतिम १६ मध्ये पोहोचला. तिथे पिरेअसमध्ये ऑलिम्पियाकोसला ४-१ असे चकित केले. पण सर्बियातील बाच्का टोपोला येथे झालेला परतीचा सामना जादा वेळेत ६-१ असा गमावला. पुढे ऑलिम्पियाकोसनेच ती स्पर्धा जिंकली. जून २०२४ मध्ये कीन मकाबीतून बाहेर पडला.

फेरेन्त्सवारोशमध्ये काय वेगळे?

जानेवारी २०२५ मध्ये पास्कल यान्सेन न्यूयॉर्क सिटीकडे गेल्यानंतर कीन बुडापेस्टला आला. हंगाम निम्मा सरला होता. मे महिन्यात पुश्काश अकादमीला मागे टाकून फेरेन्त्सवारोशने लीग जिंकली. क्लबचे हे ३६वे आणि सलग सातवे जेतेपद. हंगेरियन चषकाच्या अंतिम सामन्यात मात्र पाक्श संघाने त्यांना पेनल्टी शूटआउटमध्ये हरवले.

इथेच कीनच्या यशाचे मोजमाप अवघड होते. फेरेन्त्सवारोश हा हंगेरीतील सर्वांत बलाढ्य क्लब. तिथे लीग जिंकणे ही अपेक्षा असते, न जिंकणे ही बातमी. मकाबीचेही काहीसे असेच. त्यामुळे दोन देशांतील दोन लीग जेतेपदे प्रभावी असली, तरी त्यावरून त्याच्या कौशल्याचा पूर्ण अंदाज येत नाही. तो अंदाज युरोपीय सामन्यांतून येतो, कारण तिथे प्रतिस्पर्धी तोडीस तोड किंवा वरचढ असतो.

युरोपातील निकाल काय सांगतात?

चित्र संमिश्र आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये युरोपा लीगच्या बाद फेरीत व्हिक्टोरिया पल्झेनला घरी १-० असे हरवून फेरेन्त्सवारोश परतीच्या सामन्यात ३-० असा पराभूत झाला. ऑगस्टमध्ये चॅम्पियन्स लीगच्या शेवटच्या पात्रता फेरीत अझरबैजानच्या काराबाखकडून घरी १-३ अशी हार झाली. बाकूत ३-२ असा विजय मिळाला, पण एकूण ५-४ अशा फरकाने संधी हुकली. २०२०-२१ नंतर चॅम्पियन्स लीगच्या मुख्य टप्प्यात परतण्याचे क्लबचे स्वप्न एका गोलाने लांबले.

ऑलिम्पियाकोस, पल्झेन आणि काराबाख या तीन लढतींत एक समान धागा दिसतो. दोन सामन्यांपैकी एक कीनच्या संघाने उत्तम खेळून जिंकला, दुसऱ्यात मोठ्या फरकाने गोल स्वीकारले. संघात चमक आहे, सातत्य नाही. मात्र त्यानंतर युरोपा लीगच्या पहिल्या चार सामन्यांत फेरेन्त्सवारोश अपराजित राहिला. गेंक आणि साल्झबर्ग यांना त्यांच्याच मैदानावर हरवले. म्हणजे चुकांतून शिकण्याची प्रक्रिया सुरू असल्याचे दिसते.

पुढे काय?

नामवंत आयरिश खेळाडूंचा प्रशिक्षक म्हणून इतिहास फारसा उजळ नाही. रॉय कीनने २००७ मध्ये संडरलँडला प्रीमियर लीगमध्ये नेले, पण ती उंची पुन्हा गाठता आली नाही. स्टीव्ह स्टॉन्टनच्या कारकीर्दीत आयर्लंडने सायप्रसकडून ५-२ असा मार खाल्ला. डेमियन डफने २०२४ मध्ये शेलबर्नला लीग जिंकून दिली आणि पुढच्याच वर्षी पद सोडले.

रॉबी कीनने निवडलेली वाट वेगळी आहे. नावाच्या जोरावर इंग्लंडमधील नोकरीची वाट पाहण्यापेक्षा त्याने परक्या देशांत, परक्या भाषांत काम केले. तिथे दबाव कमी नसतो, पण जेतेपदासाठी लढण्याची आणि युरोपात खेळण्याची संधी दरवर्षी मिळते. इंग्लंडच्या तळातील क्लबमध्ये ती मिळत नाही. एखाद्या दिवशी आयर्लंडचे प्रशिक्षकपद त्याच्यापुढे आले, तर ६८ गोल त्याच्या बाजूने असतील आणि तेल अवीवचे वर्ष विरोधकांच्या हाती. त्याआधी दोन सामन्यांच्या एखाद्या मोठ्या युरोपीय लढतीत दोन्ही वेळा उभे राहून दाखवणे, ही परीक्षा त्याला द्यावीच लागेल.