एक जाड स्वेटर नको, तीन पातळ कपडे हवेत

दरवर्षी डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा किती उतरला याची बातमी आपण मोठ्या हौसेने वाचतो. कधी ८, कधी ६, एखाद्या वर्षी ५ अंशांच्याही खाली. द्राक्षबागायतदारांच्या पोटात गोळा येतो आणि बाकीची मंडळी माळ्यावरची ट्रंक खाली काढतात. परंतु त्याच दिवशी दुपारी २ वाजता पारा कुठे होता, हे फारसे कुणी पाहत नाही. बहुतेक वेळा तो २७-२८ अंशांवर असतो. म्हणजे सकाळी दूध आणायला निघालेला माणूस आणि दुपारी जेवून हात धुणारा तोच माणूस, यांच्या हवेत जवळजवळ २० अंशांचे अंतर पडलेले असते. कपडे मात्र सकाळचेच!

आपल्या जिल्ह्याची थंडी ही अशी आहे. समुद्र लांब, हवा कोरडी, आभाळ निरभ्र. रात्री जमीन भराभर निवते आणि दिवस वर आला की तितक्याच भराभर तापते. दिल्लीकडे धुके धरले म्हणजे दिवसभर हुडहुडी भरलेली असते. काश्मिरात फेरन घालून त्यात कांगडी घेऊन बसावे लागते. तिथे जाड पोशाख शोभतो आणि उपयोगीही पडतो. आपण मात्र तिकडचा स्वेटर उचलून इकडच्या दुपारी घालतो आणि मग दवाखान्यात येऊन विचारतो, "डॉक्टर, थंडीत घाम कसा येतो हो?"

माझे मत स्पष्ट आहे. आपल्याकडच्या हिवाळ्यात एक जाड कपडा हा सर्वांत गैरसोयीचा पोशाख होय. तो अंगात असतो किंवा नसतो. मधली सोयच नाही. त्याऐवजी दोन-तीन पातळ कपडे एकावर एक घालावेत, ऊन चढेल तसे एकेक उतरवावेत आणि दिवस कलला की पुन्हा चढवावेत.

यामागचे शास्त्र आपल्या आज्यांना चांगले ठाऊक होते. गोधडी म्हणजे काय? जुनी लुगडी, धोतरे एकावर एक अंथरून घातलेले टाके. एकेक लुगडे पाहिले तर विरलेले, पलीकडचे दिसेल असे. पण थर जमले की माघातली रात्र निघते. ऊब कापडात नसते, ती दोन कापडांच्या मध्ये अडकून राहिलेल्या हवेत असते. स्थिर हवेतून उष्णता सहज बाहेर पडत नाही. एका जाड कापडापेक्षा दोन-तीन सैल थरांत अशी हवा अधिक अडकते. सैल हा शब्द महत्त्वाचा आहे. स्वेटरवर स्वेटर कोंबून अंगाला आवळून घेतले तर हवेला जागाच उरत नाही आणि ऊबही उरत नाही.

आता थर कोणते? अंगालगत सुती बनियन किंवा पातळ पूर्ण बाह्यांचा सुती सदरा. त्यावर लोकरीचा बिनबाह्यांचा स्वेटर; जुन्या माणसांच्या बंडीचेही काम तेच. लोकरीचा गुण असा की थोडी दमट झाली तरी ती ऊब सोडत नाही. सर्वांत वर वारा अडवणारे काहीतरी, म्हणजे जर्किन किंवा घट्ट विणीचा कोट. हा वरचा थर लोक विसरतात. विणलेल्या स्वेटरच्या भोकांतून वारा आरपार जातो, त्यामुळे मोटारसायकलवर नुसता स्वेटर घालून निघालेला माणूस कुडकुडतो आणि दोष स्वेटरवाल्याला देतो. जर्किन नसेल तर छातीवर सदऱ्याच्या आत वर्तमानपत्राची घडी ठेवावी. ही जुन्या सायकलवाल्यांची युक्ती आहे आणि ती खरोखर चालते. आमच्या संपादकांचीही हरकत नसावी. मात्र आधी वाचून घ्यावे.

यासाठी नवा खर्च करायला हवा असे नाही. दिवाळीनंतर तिबेटी मंडळींची स्वेटरांची दुकाने लागतात, तिथे सगळ्यांत जाड नग निवडण्याकडे आपला ओढा असतो, कारण पैसे वसूल झाल्यासारखे वाटतात. त्याच पैशांत दोन पातळ घ्यावेत. घरातला जुना पूर्ण बाह्यांचा सदरा आत घातला तरी एक थर झाला.

सर्दी-पडसे हे विषाणूंमुळे होते. स्वेटर काढला म्हणून सर्दी झाली, हे आईचे म्हणणे आणि स्वेटर घातला तर सर्दी होणारच नाही, ही तिची आशा, दोन्ही तितकेसे खरे नाही. मग कपड्यांचा एवढा ऊहापोह कशासाठी? कारण थंडीने बाधणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत. दमेकऱ्याला थंड कोरडी हवा नाकातून आत गेली की श्वास लागतो. त्याने नाकातोंडावरून मफलर घेतला तर आत जाणारी हवा थोडी ऊबदार होते. गारठ्यात कातडीखालच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब वाढतो. हृदयविकाराचे झटके हिवाळ्यात अधिक येतात, त्यामागे हे एक कारण आहे. पहाटे उघड्या अंगाने अंगणात फिरणाऱ्या रक्तदाबाच्या रुग्णांनी हे लक्षात घ्यावे. उलट बाजूने, दुपारभर घामाने भिजलेल्या कृत्रिम धाग्याच्या कपड्यांत काखेत, जांघेत नायटा फोफावतो. नायटा उन्हाळ्या-पावसाळ्याचा रोग खरा, पण दिवसभर जाड स्वेटर न काढणाऱ्यांना तो जानेवारीतही होतो.

तान्ह्या बाळांबद्दल थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण तिथे चूक दोन्ही बाजूंनी होते. परवा एक आजी नातवाला घेऊन आल्या. दुपारचा १ वाजला होता. झबले, त्यावर दोन स्वेटर, कुंची, पायमोजे, हातमोजे आणि सगळ्याला गुंडाळलेले ब्लँकेट. "डॉक्टर, सकाळपासून अंग तापलंय, आन नुसता किरकिरतोय." मानेमागे हात घातला तर घामाने ओलीचिंब. म्हटले, "आजी, आधी याला जरा मोकळं करू." वरचे कपडे उतरवून २० मिनिटांनी पाहिले तर ताप नाही आणि बाळ आईच्या अंगावर पीत होते. लहान बाळाचे अंग कपड्यांच्या भाराने तापू शकते. पण यावरून कुणी बाळाचा ताप अंगावर काढू नये. बाळ दोन महिन्यांच्या आतले असेल, कपडे हलके करूनही अंग गरम लागत असेल किंवा ते दूध ओढत नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

याच्या उलट प्रकार रात्रीचा. नवजात बाळाला स्वतःची उष्णता राखणे जमत नाही. त्याचे डोके शरीराच्या मानाने मोठे असते आणि तिथून बरीच उष्णता जाते, म्हणून टोपडे हवेच. दिवस पुरे होण्याआधी जन्मलेले किंवा कमी वजनाचे बाळ तर फारच लवकर गार पडते. अशा बाळाला कपड्यांच्या थरांइतकाच, किंबहुना त्याहून अधिक उपयोग होतो तो आईच्या उघड्या छातीशी कातडीला कातडी लावून धरण्याचा आणि वरून शाल घेण्याचा. बाळाला ऊब पुरेशी आहे की नाही हे हाताच्या बोटांवरून ठरवू नये. बोटे गारच असतात. छातीला, पोटाला किंवा मानेमागे हात लावून पाहावा. साधा हिशेब म्हणजे आपल्या अंगावर जितके कपडे आहेत त्याहून एक थर जास्त. झोपवताना तोंडावर पांघरूण येऊ देऊ नये. आणि बाळंतिणीच्या खोलीत शेगडी पेटवून दारे-खिडक्या बंद करणे हा जिवाशी खेळ आहे. कोळशाच्या विषारी वायूला ना वास, ना रंग. झोपेतच माणसे जातात.

म्हाताऱ्या माणसांची तऱ्हा आणखी निराळी. त्यांना थंडी वाजत असूनही कळत नाही, किंवा कळले तरी ती सांगत नाहीत. दुपारी ओसरीवर बसलेल्या आजोबांना शाल पुरते. संध्याकाळी ५ नंतर कुणीतरी आपणहून स्वेटर त्यांच्या अंगात घालायला हवा. मधुमेह असलेल्यांनी पायमोजे घालावेत, पण त्यांचे रबर घोट्यावर वळ उठवणारे नको. पाय बधिर असतील तर गरम पाण्याची पिशवी अजिबात नको. चटका बसलेला कळत नाही, आणि त्या फोडातून पुढे काय काय होते ते मी पाहिले आहे. ज्याला घरातल्या इतरांपेक्षा नेहमीच जास्त थंडी वाजते, त्याने नुसते कपडे न वाढवता एकदा हिमोग्लोबिन आणि थायरॉईड तपासून घ्यावे.

शेकोटीचाही कपड्यांशी संबंध आहे. कृत्रिम धाग्याचा स्वेटर पेटला तर तो वितळून कातडीला चिकटतो. सुती किंवा लोकरी कापड असे चिकटत नाही. शेकोटीशी किंवा चुलीशी बसताना शालीची टोके खोचून घ्यावीत. दुचाकीवर मागे बसणाऱ्या मुली-बायकांनी ओढणी आणि मफलरचे टोक चाकात जाणार नाही असे बांधावे.

आता सर्वांत काळजीचा विषय. गव्हाला, कांद्याला पाणी भरायचे दिवस हेच, आणि जिथे पंपाला अजून रात्रीचीच वीज मिळते तिथे शेतकरी पहाटे ३ वाजता गारठलेल्या पाण्यात उभा असतो. शहरातल्या माणसाला थंडी म्हणजे गंमत, हुरडा आणि मफलर. या माणसाला मात्र ती अंगाशी येऊ शकते, कारण तो भिजतो. ओला कपडा कोरड्या कपड्याच्या कितीतरी पट वेगाने अंगातली उष्णता ओढून घेतो, आणि ओले सुती कापड यात सर्वांत वाईट. ते वाळतही नाही. इथे माझा सुती बनियनचा सल्ला मी मागे घेतो. रात्री पाण्यात जाणाऱ्याने अंगालगत लोकरी किंवा लवकर वाळणारे कापड घालावे, वर वारा आणि पाणी अडवणारे जर्किन आणि पायांत गमबूट. त्याने साप-विंचवाचीही भीती कमी होते. घोंगडी असेल तर उत्तम, तिच्याइतके कामाचे वस्त्र या मुलखात दुसरे झाले नाही. पण वाकून काम करताना ती अंगावर राहत नाही, म्हणून ती बांधावर विसावताना घेण्यासाठी ठेवावी. आणि मुख्य म्हणजे कोरड्या कपड्यांचा एक पूर्ण जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पंपाच्या खोलीत कायम टांगलेला असावा. भिजलात की काम संपायची वाट न पाहता बदला.

थंडीने माणूस गळू लागला की त्याची बोटे चालेनाशी होतात, हातातले फावडे सुटते, बोलणे जड होते, तो गुंगल्यासारखा वागतो. आजूबाजूचे म्हणतात, "याने घेतली असेल." घेतली असेल तर धोका अधिकच, कारण दारूने कातडीकडचे रक्त वाढते, वरून ऊब वाटते आणि आतली उष्णता बाहेर पळते. अशा माणसाचे ओले कपडे काढा, अंग कोरडे करा, घोंगडीत गुंडाळा, शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर गरम गोड चहा पाजा. हातपाय खसाखसा चोळू नका. आणि तसाच घरी न निजवता दवाखान्यात आणा.

शेवटी शाळांविषयी. २०२४ साली राज्य शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत असे सांगितले, ते मुलांच्या झोपेसाठी. पण थंडीतही त्याचा फायदाच आहे. वरच्या वर्गांची मुले मात्र अनेक ठिकाणी ७ च्या ठोक्याला प्रार्थनेला उभी असतात. एका शाळेत ठरवून दिलेल्या निळ्या स्वेटरशिवाय दुसरे काही घातले की ते वर्गाबाहेर काढायला लावतात, असे माझ्याकडे आलेल्या एका पालकांनी सांगितले. त्यांच्या मुलीला दमा आहे आणि तिने घातलेले जर्किन तांबडे होते. तोच निळा स्वेटर ११ वाजता उकडायला लागल्यावर काढला तर पुन्हा शिक्षा, कारण गणवेश अपुरा होतो! गणवेशाचे महत्त्व मला मान्य आहे. गरीब-श्रीमंत भेद त्याने झाकला जातो. परंतु ज्या घरात शाळेचा महागडा स्वेटर घेता येत नाही, तिथले मूल नुसत्या सदऱ्यावर येते, तेव्हा तो भेद उघडाच पडतो. डिसेंबर आणि जानेवारी हे दोन महिने कोणत्याही रंगाचा स्वेटर, टोपी, मफलर चालेल आणि ऊन आल्यावर तो काढून दप्तरात ठेवता येईल, एवढी एक सूचना मुख्याध्यापकांनी फळ्यावर लिहिली तर पुरे आहे. त्यासाठी शासनाच्या परिपत्रकाची गरज नाही.