बॅटरीचा तो आकडा आम्हाला दाखवा

बॅटरी विकताना शोरूमवाल्यांच्या तोंडी आकडेच आकडे असतात. इतके किलोमीटर, इतकी वर्षं, महिन्याला इतकी बचत. बॅटरी दमली की आकडे गायब. मग बनारसच्या कुठल्याही काउंटरवर एकच वाक्य ऐकायला मिळतं, "बैटरी एकदम ठीक है, भाईसाहब." या वाक्याची मला आता चीड आली आहे.

माझी इलेक्ट्रिक स्कूटर अजून वॉरंटीत आहे. नवी असताना ब्रह्माघाटाहून सारनाथ, तिथून बीएचयू आणि परत घर, एवढं करूनही निम्मं चार्जिंग शिल्लक राहायचं. दुसरा उन्हाळा सरला आणि सारनाथहून परत येतानाच धाकधूक व्हायला लागली. एका संध्याकाळी मैदागिनच्या चौकात मीटरवर 28 टक्के दिसत असताना गाडी जागच्या जागी बंद पडली. हा चालवणाऱ्याचा दोष नव्हे. पॅकमधले सेल सारखे झिजत नाहीत. त्यातला सर्वांत दुबळा सेल तळाला गेला की नियंत्रण करणारं सर्किट अख्खा पॅक तोडतं, मग बाकीच्या सेलमध्ये वीज असली तरी तिचा उपयोग नाही.

सर्व्हिस सेंटरमध्ये मेकॅनिकनं सीट उचलली, केबल जोडली. लॅपटॉपवर एकेका सेलचं व्होल्टेज आलं, खाली बॅटरीच्या उरलेल्या क्षमतेची टक्केवारी. मी वाकून वाचायला लागताच त्यानं स्क्रीन पलीकडे वळवली. "ये कंपनी का डेटा है." जॉब कार्डावर शिक्का पडला, बॅटरी ओके. टक्केवारी लेखी द्या म्हटलं तर मॅनेजरनं हेड ऑफिसकडे बोट दाखवलं, आणि हेड ऑफिसनं कळवलं की उष्ण हवामानात रेंज घटणं स्वाभाविक आहे.

उष्णतेनं लिथियम बॅटरी लवकर झिजते, हे खरंच आहे. पण मे महिन्यात काशीत पारा 45 अंशांपर्यंत चढतो, हे गाडी विकताना कुणाला माहीत नव्हतं? तेव्हा उन्हाचा उल्लेख का नाही केला?

खरी मेख वॉरंटीच्या कलमात आहे. क्षमता 70 टक्क्यांखाली गेली तरच बॅटरी बदलून मिळेल. मोजणार कोण? ज्याच्या खिशातून नवी बॅटरी जायची तोच. किराणा दुकानदाराच्या तराजूवरसुद्धा वैधमापन खात्याचा शिक्का लागतो. इथे मात्र लाखभराच्या मालाचं माप विकणाऱ्याच्या लॅपटॉपात बंद. युरोपीय संघानं 2023 च्या बॅटरी नियमावलीत हा प्रश्न सोडवला. 18 ऑगस्ट 2024 पासून तिथं विजेच्या गाडीच्या मालकाला बॅटरीच्या प्रकृतीची माहिती पाहण्याचा हक्क आहे. हाच हक्क आम्हाला हवा आहे.

ही एकट्या माझ्या स्कूटरची रड नाही. सप्टेंबर 2023 ते ऑगस्ट 2024 या एका वर्षात राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर ओला इलेक्ट्रिकविरुद्ध 10,644 तक्रारी आल्या आणि ऑक्टोबरमध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं त्या कंपनीला नोटीस काढली. (माझी गाडी त्या कंपनीची नाही.)

सर्वांत जास्त भरडला जातो तो ई-रिक्षावाला. बॅटऱ्या उतरवून डीलरकडे न्यायच्या, तो म्हणणार, "चार्जिंग पे छोड़ जाइए, परसों आइए." तोवर रिक्षा उभी, कमाई बंद, कर्जाचा हप्ता चालू. बहुतेक जण दोन दिवसांचा धंदा बुडवण्यापेक्षा पदरमोड करून नव्या बॅटऱ्या घेतात, आणि डीलरच्या वहीत एक तक्रार कमी होते. ही लूट आहे, तिला दुसरं नाव नाही.

2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार राहत्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, आणि आयोग माल प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो. मी तक्रार केली आहे. अर्जात पहिली मागणी नव्या बॅटरीची नाही. कंपनीच्या लॅपटॉपातली माझ्या पॅकची संपूर्ण नोंद, पहिल्या चार्जिंगपासूनची, आयोगासमोर ठेवावी आणि बॅटरीची तपासणी बाहेरच्या प्रयोगशाळेत व्हावी, एवढं मागितलं आहे. बॅटरी खरोखर ओके असेल तर कंपनीला यात लपवण्यासारखं काही असायचं कारण नाही.