ड्रॅगन गेले, गर्दी राहिली

(पोस्ट मोठी आहे. ज्यांना परदेशात फिरायला जायचंय त्यांनी आणि ज्यांच्या गावात शूटिंग होतं त्यांनी, दोघांनीही वेळ काढून वाचावी.)

'गेम ऑफ थ्रोन्स' ही मालिका २०११ ला सुरू झाली आणि आठ सीझन, ७३ भाग करून २०१९ ला संपली. पण ती जिथे शूट झाली ती गावं जागच्या जागी आहेत आणि तिथे जाणाऱ्यांची रांगही तशीच आहे. आता आपल्याकडच्या टूरवाल्यांच्या पत्रकातही क्रोएशिया दिसायला लागलंय. मी डुब्रोव्हनिकला जाऊन आल्यापासून इनबॉक्समध्ये एकच प्रश्न येतो : "किंग्ज लँडिंग बघितलंत का? जाण्यासारखं आहे का?"

जाण्यासारखं आहे, शंभर टक्के आहे. पण किंग्ज लँडिंग नावाचं गाव जगात कुठेच नाही. जे आहे ते डुब्रोव्हनिक. माझं सगळं म्हणणं इथूनच सुरू होतं.

मालिकेतला राजवाडा म्हणून जो किल्ला दाखवलाय, त्याचं खरं नाव लोव्ह्रियेनात्स. समुद्रातल्या कड्यावर उभा. बाहेरून हल्ला होईल त्या बाजूची भिंत काही ठिकाणी १२ मीटरपर्यंत जाड आणि शहराकडची भिंत जेमतेम ६० सेंटिमीटर! कारण असं सांगतात की किल्लेदारच उद्या फितूर झाला, तर शहराच्या तोफांना ती भिंत पाडता आली पाहिजे. राजा नको, हुकूमशहा नको म्हणणारं हे व्यापारी प्रजासत्ताक नेपोलियनच्या फौजा येईपर्यंत टिकलं. जगातलं सगळं सोनं दिलं तरी स्वातंत्र्य विकू नये, अशा अर्थाचा लॅटिन लेख या किल्ल्याच्या दारावर कोरलाय. त्या दाराखालून रोज शेकडो माणसं जातात आणि आत जाऊन विचारतात काय, तर राजाची खुर्ची कुठे आहे! (तशी खुर्ची जवळच्या लोक्रुम बेटावर ठेवलीय. फोटोला रांग असते.)

तटबंदीवरून सगळी कौलं दिसतात. काही जुनी, विटलेली. बरीचशी मात्र एकदम नवी, भगवी-लाल. ही नवी कौलं युद्धानंतरची. १९९१ मध्ये या शहराला वेढा पडला आणि ६ डिसेंबरला जुन्या शहरावर दिवसभर तोफगोळे पडले. युनेस्कोने १९७९ मध्येच जागतिक वारसा म्हणून जाहीर केलेलं हे शहर. तिथे खरी माणसं मेली. आज त्याच कौलांकडे बोट दाखवून लोक एकमेकांना विचारतात, ड्रॅगनने आग लावली ती हीच जागा का? मला मालिका आवडते, पण ते ऐकून पोटात कालवलं.

आता माणसांचं बोलू. त्या तटबंदीच्या आत १९९१ च्या सुमारास पाच हजारांच्या आसपास लोक राहायचे. आज दोन हजारही उरलेले नाहीत. घरं पर्यटकांना भाड्याने दिली आणि मालक तटाबाहेर राहायला गेले. सगळा दोष मालिकेचा नाही, क्रूझ जहाजांचा वाटा मोठा आहे. पण आधीच भरलेल्या गाडीत मालिकेने आणखी माणसं कोंबली. शेवटी नगरपालिकेला नियम करावा लागला : एका वेळी दोनच क्रूझ जहाजं आणि त्यांचे चार हजार प्रवासी. नियम चांगला आहे, पण तोवर शेजार उठून गेला होता.

उत्तर आयर्लंडमधलं 'डार्क हेजेस' बघा. एक साधा गावरस्ता. दोन्ही बाजूंना अठराव्या शतकात एका जमीनदार कुटुंबाने लावलेले बीच जातीचे वृक्ष, फांद्या वर एकमेकांत गुंतलेल्या. दुसऱ्या सीझनमध्ये तो रस्ता काही क्षण दिसतो. बस्स, तेवढंच! त्यानंतर गाड्या आणि बसेस इतक्या यायला लागल्या की २०१७ मध्ये तिथे वाहनांना बंदी घालावी लागली. दीडशेच्या आसपास झाडं लावली होती, आता शंभरही नाहीत. म्हातारी झाडं वादळात पडतात हे खरंच. पण मुळांवरून चाकं गेली, माती दाबली गेली की म्हातारं झाड आणखी खचतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये धोकादायक झालेली सहा झाडं कापावी लागली.

माल्टाचं उदाहरण तर शूटिंगचंच. गोझो बेटावर २०१० मध्ये सेट लावताना कंत्राटदाराने संरक्षित खडकावर वाळू पसरली. तिथल्या जीवसृष्टीचं नुकसान झालं, बराच गदारोळ झाला. शेजारची प्रसिद्ध कमान २०१७ मध्ये वादळात कोसळली. तो निसर्गाचा भाग, त्याचं खापर कुणावर फोडता येत नाही. पण वाळू निसर्गाने टाकली नव्हती.

"अहो, पण पैसा येतो ना!" येतो. मी ते नाकारणार नाही. बेलफास्टचं नाव अनेक वर्षं बॉम्बस्फोट आणि दंगलींसाठीच बातमीत यायचं. या मालिकेमुळे तिथल्या सुतारांना, शिंप्यांना, गाडीवाल्यांना वर्षानुवर्षं काम मिळालं. म्हणून 'पर्यटन बंद करा' म्हणणं हा पोट भरलेल्या माणसाचा सल्ला झाला. माझा प्रश्न वेगळा आहे : गर्दी किती, हे कोण ठरवतं आणि कधी ठरवतं? गर्दी येण्याआधी, की झाडं पडल्यावर?

वेळेवर ठरवणारेही आहेत. स्पेनच्या बास्क भागात गाझ्तेलुगाचे नावाची बेटावरची छोटी प्रार्थनास्थळाची जागा आहे. २४१ पायऱ्या चढायच्या, वर जाऊन घंटा तीन वेळा वाजवायची आणि इच्छा मागायची, अशी तिथली रीत. जेजुरी चढणाऱ्याला हे काही नवीन वाटणार नाही. सातव्या सीझननंतर झुंबड उडाली, तर त्यांनी गर्दीच्या हंगामात आधी नोंदणी सक्तीची केली. तिकीट फुकट, पण माणसं मोजून. न्यूझीलंडमध्ये 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चं हॉबिटन एका मेंढपाळ कुटुंबाच्या शेतावर आहे. तिथे ठरलेल्या वेळी, गाइडबरोबरच आत सोडतात. उत्तर आयर्लंडमध्ये बॅनब्रिजला २०२२ पासून मालिकेचे सेट आणि पोशाख एका स्टुडिओत मांडलेत. हे मला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. सेट हवा त्याला सेट दाखवा, झाडाच्या मुळांना सुट्टी द्या.

मी हे का लिहितोय? कारण मी वाईचा. आमच्याकडे 'गंगाजल' झाला, 'स्वदेस' झाला, शूटिंग आम्हाला नवीन नाही. मेणवलीच्या घाटावर येणारा पाहुणा "स्वदेसवाला घाट कुठाय?" असं विचारतो. तो घाट आणि वाडा नाना फडणवीसांचा, तिथे टांगलेली घंटा चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकल्यावर आणलेल्या पोर्तुगीज घंटांपैकी, हे सांगायला बहुतेकदा कुणी नसतं. आज सिनेमावर भागतंय. उद्या एखादी जगभर गाजणारी मालिका इथे आली तर? कास पठारावर फुलं तुडवली गेल्यावर रोजची संख्या ठरली, नोंदणी आली. घाटाचंही तसंच, नंतर सुचायचं का?

म्हणून दोन मागण्या. शूटिंगची परवानगी देताना ग्रामसभेला विचारा, आणि येणाऱ्या पैशातला ठरलेला हिस्सा त्याच जागेच्या डागडुजीला जाईल असं कागदावर लिहून घ्या. दुसरं, पार्किंग, स्वच्छतागृह आणि दिवसाला किती माणसं, हे सिनेमा प्रदर्शित व्हायच्या आधी ठरवा.

आणि जाणाऱ्यांनो, जरूर जा. पण जुलै-ऑगस्ट टाळा, जहाजातून चार तासांसाठी उतरण्यापेक्षा दोन रात्री गावात राहा, आखलेली वाट सोडू नका. आणि निघण्यापूर्वी त्या जागेचं खरं नाव पाठ करा. ते नाव घेऊन पत्ता विचारलात की तिथली माणसं जरा थांबून बोलतात, हा माझा अनुभव आहे.

वाई-मेणवलीकरांनी आपलं मत कमेंटमध्ये लिहा. विरोधी असेल तर आधी लिहा.