ही वस्ती मेली कधी होती?

माझा भाचा हुशार आहे. हे मी कौतुकाने सांगत नाही; पुढचा सारा वाद त्याच्याशीच आहे, म्हणून आधी सांगून टाकतो. गेल्या गणपतीत तो घरी आला, मोदक तोंडात टाकला आणि गुळगुळीत कागदाचे एक माहितीपत्रक माझ्यापुढे सरकवले. लालबागेत जुन्या चाळी पाडून टॉवर उठतो आहे. त्यात एक फ्लॅट घ्यावा, निम्मे पैसे त्याने घालावेत, निम्मे माझ्या फंडाच्या पुंजीतून यावेत, असा बेत. "राहायला कोण जातंय मामा? नुसता घेऊन ठेवायचा. वस्तीचं पुनरुज्जीवन होतंय. आत्ता घेतला तर दहा वर्षांत दुप्पट!"

त्या एका शब्दाने माझा घास अडला. पुनरुज्जीवन मेलेल्याचे होते. ही वस्ती मेली कधी होती?

मी तिथेच जन्मलो. तिसरा मजला, दहा बाय बाराची खोली, वर पोटमाळा. वडील साचेखात्यात होते. आमच्या खोलीत आम्ही पाच आणि गावाकडचे चार जण. चौघांच्या पाळ्या वेगळ्या, म्हणून एका वळकटीवर दोघांची झोप भागे. एक उठून गेला की दुसरा येऊन त्याच उबेत आडवा होई. मावशी खानावळ चालवी. भोंगा झाला की जिन्यावर शेकडो चपला वाजत, आणि त्या आवाजावर आई चहाचे आधण ठेवी. घड्याळ आमच्याकडे नव्हतेच. मग 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख माणसे बाहेर पडली. तो संप मागे घेतल्याचे अधिकृतपणे कोणी कधी जाहीर केले नाही. गिरण्या मेल्या हे खरे. पण वस्ती? मावशीने खानावळ बंद केली आणि पापड लाटायला घेतले. शेजारचा जॉबर वडापावच्या गाडीवर उभा राहिला. पोरे टॅक्सी चालवू लागली. गणपती एक वर्षही चुकला नाही आणि भारतमातात मराठी चित्रपट लागतच राहिले. मेलेली माणसे हे उद्योग करीत नसतात.

मग मरणाचा दाखला कोणी दिला? ज्याला जमीन हवी होती त्याने. वस्ती मेली असे एकदा ठरले की तिथे राहणारा माणूस माणूस उरत नाही, 'अडथळा' होतो. आणि तिथला भाव वाढवणारा सौदागर संजीवनी आणणारा हनुमान ठरतो.

चाळीच्या आठवणीत न्हाऊन निघणाऱ्या मंडळींत मात्र मला कोणी धरू नये. सकाळी संडासापुढे टमरेल घेऊन उभे राहण्यात काव्य असते, असे म्हणणाऱ्याने एक पावसाळा तिथे काढावा. आमच्या गॅलरीला लाकडी टेकू होते, आणि जुलैत कुठली तरी जुनी इमारत कोसळल्याची बातमी आली की आई रात्रभर छताकडे बघत जागी राही. चाळी पडायलाच हव्या होत्या. शिवाय मी काही सोवळा नाही. वडील गेल्यावर, 1994 साली, मी ती खोली पागडी घेऊन दिली आणि डोंबिवलीला जागा केली. तेव्हा पागडी घेणे कायद्याने गुन्हा होता; पुढे 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याने तिला गंगास्नान घातले. तेव्हा मी बोलतो आहे तो आरोपीच्या पिंजऱ्यातून, न्यायाधीशाच्या खुर्चीवरून नव्हे.

भाच्याचे म्हणणे असे की, आमच्यासारख्यांनी विक्रीचे फ्लॅट घेतले नाहीत तर चाळकऱ्यांना फुकट घरे मिळणार कशी? बिनतोड मुद्दा! पुनर्विकासाचे नियमच असे बेतले आहेत, की विक्रीच्या इमल्याने पुनर्वसनाच्या इमल्याचा खर्च उचलावा. हे मी मान्य करतो. पण मग नुसता 'सौदा' म्हणा. धान्याचा साठेबाज शेतकऱ्याकडून धान्य घेतोच की! त्याला आपण अन्नदाता म्हणत नाही.

आणि भाव वाढतो तो कोणाच्या घामाने? समजा, फ्लॅट दोन कोटींचा. मुद्रांक शुल्क सहा टक्के धरले तर बारा लाख उंबऱ्यावरच गेले. भाडे महिना पन्नास हजार आले तरी वर्षाचे सहा लाख, म्हणजे तीन टक्केही नाही. त्यातून देखभाल खर्च आणि घरपट्टी वजा करा. बँकेतल्या मुदतठेवीत याहून जास्त मिळते, हे भाच्याला माझ्यापेक्षा चांगले कळते. त्याचा डोळा भाड्यावर नाहीच, भाववाढीवर आहे. शिवडीहून समुद्र ओलांडणारा अटल सेतू 2024 च्या जानेवारीत खुला झाला, तो सरकारी पैशाने. मेट्रो आली, तीही सरकारी पैशाने. खर्च सर्वांचा आणि वाढ खिशात घालणार कुलूप लावून बसणारा! यात त्याने कोणता पराक्रम केला?

जमिनीची कहाणी तर याहून उघडी आहे. मुंबईच्या गिरण्यांची जमीन सुमारे सहाशे एकर. 1991 च्या नियमाने तिचे तीन वाटे ठरले: एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. 2001 साली नियम बदलला. वाटणी फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीची, जिच्यावर शेड उभी तिची नाही. गिरणी म्हणजे शेडच शेड! उरले काय? उच्च न्यायालयाने 2005 मध्ये याला चाप लावला, पण 2006 च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल वैध ठरवला. गिरणी कामगारांचे घरांसाठीचे अर्ज पावणेदोन लाखांच्या घरात गेले, आणि त्यांना सांगण्यात आले की शेलू-वांगणीला घरे घ्या. बदलापूरच्याही पुढे! ज्याच्या बापाने लालबागेत सूत कातले त्याने कर्जतच्या गाडीत लोंबकळावे, आणि त्याच्या जागेवर कोणी तरी कुलूप विकत घ्यावे. 2025 च्या जुलैत हे कामगार आझाद मैदानावर येऊन ओरडले, तेव्हा कुठे त्यांचे म्हणणे थोडे ऐकले गेले.

हा प्रकार केवळ आमच्याच नशिबी आला असे नाही. लंडनमध्ये कामगारांच्या आळ्या मध्यमवर्गीयांनी कशा बळकावल्या, ते रूथ ग्लास या समाजशास्त्रज्ञ बाईंनी 1964 सालीच लिहून ठेवले आणि त्याला 'जेंट्रिफिकेशन' असे नाव दिले. पण लंडनची ती मंडळी निदान तिथे राहायला तरी गेली! आमची मंडळी घर घेतात आणि जात नाहीत. 2011 च्या जनगणनेत मुंबईत सुमारे 4 लाख 80 हजार घरे रिकामी आढळली. ज्या शहरात माणूस पदपथावर झोपतो, त्या शहरात!

माझी मागणी साधी आहे. राहत्या घराला कर कमी, बंद घराला जबर. कॅनडातल्या व्हँकुव्हर शहराने 2017 पासून रिकाम्या घरांवर वेगळा कर बसवला आहे. ते शहर त्यापायी बुडाले नाही. इथे तो कर लावावा आणि त्यातला पैसा न् पैसा कामगारांच्या घरांवर खर्च करावा. याने गुंतवणूकदार पळून जातील, असे म्हणतात. पळू देत. घर सोडून जायला आधी घरात राहावे लागते.

गेल्या दिवाळीत मी लालबागेला गेलो होतो. आमच्या चाळीचे लोक आता पुनर्वसनाच्या इमारतीत राहतात. जुन्या शेजारीण वहिनींनी चकली पुढे केली आणि हळूच म्हणाल्या, "भावोजी, घर झकास आहे, पण लिफ्टचा, पंपाचा महिन्याचा खर्च ऐकून ह्यांची झोप जाते. वरच्या मजल्यावरच्या दोघांनी विकलं सुद्धा." त्यांच्या गॅलरीतून समोरचा विक्रीचा टॉवर दिसतो. त्याला फाटक वेगळे, रस्ता वेगळा. आमच्या बाजूला मजल्यामजल्यावर आकाशकंदील लागलेले, कुठे फुलबाज्या, कुठे पोरांचा गलका. समोरच्या टॉवरचे मी दिवे मोजले. चाळीस मजल्यांत अकरा खिडक्या उजळलेल्या होत्या.

मी भाच्याला उत्तर कळवले आहे. "अरे, तू सूनबाईला आणि पोरांना घेऊन तिथे राहायला जाणार असशील, तर निम्मे नव्हे, माझी सगळी पुंजी देतो." गणपती होऊन गेले, दसरा झाला. त्याचा अजून फोन नाही.