शब्दांचीं कुळें : ‘ड्यून’ आणि ‘डाउन’

वाळूच्या टेकडीस इंग्रजींत ‘ड्यून’ म्हणतात. संस्कृतांतील ‘पुलिन’ जवळचें वाटतें. परंतु पुलिन म्हणजे नदीनें उघडें टाकलेलें वाळवंट, आणि ड्यून ही वाऱ्याची करणी. हा शब्द अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंचांकडून इंग्रजींत आला व फ्रेंचांस तो डचांकडून मिळाला. डचांच्या सखल देशाचें समुद्रापासून रक्षण करणारे तट म्हणजे या वाळूच्या रांगाच. तेव्हां शब्द त्यांच्याकडचा असावा, हें साहजिक आहे. १९४० सालीं जेथून ३ लाखांहून अधिक सैनिक इंग्लंडास सुखरूप पोंचले, त्या डंकर्कच्या नांवाचा अर्थहि ‘वाळूच्या टेकड्यांतील प्रार्थनामंदिर’ असाच आहे.

खरी मौज पुढेंच आहे. या डच शब्दाचा एक भाऊबंद जुन्या इंग्रजींत पूर्वींपासून नांदत होता. त्याचें रूप ‘दून’, अर्थ नुसती टेकडी. (डेहराडूनमधील ‘दून’ म्हणजे दरी, ती ‘द्रोणी’ची लेक. तिच्याशीं याची सोयरीक कोणीं जुळवूं नये.) या ‘दून’पासून दक्षिण इंग्लंडांतील खडूच्या टेकड्यांस ‘डाउन्स’ हें नांव पडलें. मग ‘डाउन’ म्हणजे ‘खालीं’ कसें? जुने इंग्रज ‘ऑफ् दूने’, म्हणजे ‘टेकडीवरून’, असें म्हणत. आपल्या व्याकरणांतील अपादानच हें. पुढें बोलतां बोलतां ‘ऑफ्’ झिजून गेलें, आणि उंचवट्याचें नांव तेवढें ‘खालीं’ या अर्थानें उरलें!

हें मला फार उशिरां कळलें. एकदां वर्गांत ‘साउथ डाउन्स म्हणजे सखल प्रदेश’ असें मीं बेधडक सांगितलें. मागच्या बाकावरील एका मुलानें नकाशांतील रंगाकडे बोट दाखवून म्हटलें, “गुरुजी, येथें तर उंचवटा दिसतो.” मीं त्यास “शहाणपणा पुरे” म्हणून खालीं बसविलें. रात्रीं कोश उघडला, तों मुलगा बरोबर! दुसऱ्या दिवशीं वर्गांत तसें सांगावयास हवें होतें. मीं सांगितलें नाहीं. वार्षिक परीक्षेंत साऱ्या वर्गानें ‘सखल’ असेंच लिहिलें, त्या मुलानेंहि. मीं सर्वांस पूर्ण गुण दिले.

वाचकांपैकीं कोणाच्या जुन्या वहींत माझ्या सांगण्यावरून तसें लिहिलेलें असल्यास तें कृपा करून खोडावें व ‘टेकड्या’ असें लिहावें.